हळदीचा म्हणून दिलेला पिवळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चंद्रकलालाही नाही — आणि खरं तर सांगायचं होतं ते तिलाच. आता ती नाही. माझी बायको गेली, त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. तुम्ही मला ओळखत नाही, समोर बसलेले नाही, माझा चेहरा पाहत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल.

तिच्या पुण्यानुमोदनाला घरात माणसं मावत नव्हती. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून तिच्याविषयी बोलला. आमच्यात तशी रीत आहे. गेलेल्या माणसाचं चांगलं काय ते चारचौघांत सांगायचं. कुणी तिच्या हातच्या भाकरीची आठवण काढली, कुणी तिनं केलेल्या बाळंतपणांची. मग मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नाहीत. शब्द होते. तेच तर होते.

माझ्यानंतर शेवंता उठली. शेवंता म्हणजे चंद्रकलाची धाकटी बहीण, जऊळक्याला दिलेली. कित्येक वर्षांत ती आमच्या उंबऱ्यावर आली नव्हती. काठी टेकत ती फोटोपुढे गेली आणि जे बोलली ते ऐकून मी हात जोडले, मान खाली घातली. काय बोलली ते सांगतो — पण ते शेवटी. आधी मागचं सांगावं लागेल, नाहीतर ते तुम्हाला कळणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मालेगावात, वाशीमच्या रस्त्यावर, माझा लहानसा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या लाकडी पेट्या. अकोल्याला इंटर सायन्सपर्यंत शिकून मी परत आलो होतो. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, दुकानांच्या पावत्या छापायचो. उरलेला वेळ वाचत बसायचो. चंद्रकला चौथीपर्यंत शिकली होती, पण छापखान्यात ती माझ्यापेक्षा जास्त रमायची. कागद मोजायची, कापायची, आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तर तिचंच. मला बोलणं जमत नसे. आताही जमत नाही.

बसस्टँडवर एक शेठ गुळपट्टी विकायचे. जुन्या वर्तमानपत्रात बांधून. उन्हाळ्यात गूळ सुटला की कागदाची शाई गुळपट्टीवर उमटायची. एकदा एका प्रवाशानं बसच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, “शेठ, तुमच्या गुळपट्टीवर परवाची बातमी हाये, ताजी द्या ना!” सगळा स्टँड हसला. शेठ रागारागानं आमच्याकडे आले. कोरा कागद हवा, त्यावर मोराचं चित्र हवं, आणि गूळ चिकटता कामा नये.

आम्ही नेहमीच्या शाईनं छापून दिलं. दोन दिवसांनी शेठ परत. गुळपट्टीला घासलेटाचा वास येतो म्हणाले.

चंद्रकलानं तो कागद नाकाशी धरला. मग म्हणाली, “जे खायच्या वस्तूले लागते, ते खायचंच असाले पायजे.” तिच्या दृष्टीनं एवढा साधा हिशेब होता. शिमग्याला पळसाच्या फुलांचा रंग काढतो, हळदीत धागा रंगवतो, मग कागद का नाही?

त्या वेळी मला ते आवडलं, हे खरं आहे. आम्ही दोघं मिळून ते करत होतो. परसात चुलीवर जवसाचं तेल तापत ठेवायचं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. थेंब बोटांत धरला की गुळाच्या पाकासारखी तार सुटली पाहिजे, मग उतरवायचं. हळद तुरटीच्या पाण्यात उकळून खडूच्या पुडीवर बसवायची, वाळवायची, पाट्यावर वाटून त्या तेलात घोटायची. तुरटी मी सुचवली होती, रसायनशास्त्राच्या जोरावर. कागद गुळाला चिकटू नये म्हणून कोमट तव्यावर कागद ठेवून त्यावर मधमाशीच्या मेणाची वडी फिरवायची, ही युक्ती तिची. शेठनी पहिला गठ्ठा हुंगून पाहिला आणि खूश झाले. चंद्रकलानं त्यांच्यासमोर बोट रंगात बुडवलं आणि चाटलं. जीभ बाहेर काढून दाखवली.

“पाहा शेठजी. जीभ पिवळी, बाई जिती!”

पुढे तो तिचा रिवाजच झाला. रंगाचं प्रत्येक नवं भांडं आधी तिच्या जिभेवर.

इथपर्यंत सांगताना मला काही वाटत नाही. इथपर्यंत मी बरा माणूस होतो — होतो ना?

हळद उन्हात टिकत नाही. हे मला ठाऊक असायला हवं होतं. शेठ टपरीवर गुळपट्टीच्या माळा लटकवायचे. आठवडाभरात आमचा मोर कागदावरून दिसेनासा झाला. शेठ म्हणाले, “मास्तर, तुमचा मोर म्हातारा झाला. आणखी आठ दिसानं मरन.” हसत म्हणाले, पण पुढचं काम वाशीमला दुसऱ्या छापखान्यात देईन, हेही सांगून गेले.

चंद्रकलानं ते मनाला लावून घेतलं. हळद वाढव, तुरटी वाढव, पळस घाल, डाळिंबाची साल घाल. तिच्या तळहातांची सालं निघाली. प्रत्येक नवा कागद ती परसातल्या दोरीवर उन्हात टांगायची आणि दिवसातून दहा वेळा बघायला जायची. तिला मूल नव्हतं. त्याबद्दल बायका काय बोलायच्या ते मी ऐकलं होतं. हा रंग म्हणजे तिनं स्वतः केलेली पहिली गोष्ट होती, जिचं नाव बसस्टँडपर्यंत पोचलं होतं. मी तिला सांगायला हवं होतं की हे होणार नाही. हळदीचा हा स्वभाव आहे, तुझा दोष नाही. मोर काजळीच्या काळ्यात छापू. काळा टिकतो, आणि काजळी आपल्या घरचीच. एवढं साधं होतं.

मी ते सांगितलं नाही. अकोल्याला खिळे आणायला गेलो तेव्हा पिवळ्या शाईचा एक डबा आणला.

क्रोमचा पिवळा. त्या पिवळ्यात शिसं असतं. मला हे माहीत नव्हतं असं समजू नका. पुस्तकात वाचलं होतं, आणि डब्यावरही इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं — खाद्यपदार्थांसाठी नाही. चंद्रकलाला इंग्रजी येत नव्हतं. आणि शिसं काय करतं हे कुठल्याही छापखान्यात माहीत असतं. खिळे शिशाचेच. खिळे जुळवल्यावर हात घासून धुतल्याशिवाय मी कधी घास तोंडात घातला नाही. एकदाही नाही. हे लक्षात ठेवा.

पहिल्यांदा बोटभर मिसळला. तिच्या रंगात, ती पाणी भरायला गेलेली असताना. तो गठ्ठा उन्हात टिकला. दोरीवरचा कागद हातात घेऊन ती धावत आत आली.

“टिकला! पाहा ना, टिकला! मी तुरटी दोनदा देल्ली, तेनंच टिकला. हो ना?”

मी म्हणालो, “हो.”

हा माझा पहिला ‘हो’.

पुढच्या वेळी मी जास्त मिसळला. मग आणखी. घरचा रंग मशीनवर कधी घट्ट, कधी पातळ व्हायचा. डब्यातला नीट चालायचा. काही महिन्यांत अशी वेळ आली की ती सकाळभर चुलीपाशी बसून शिजवायची, आणि मी ते भांडं मशीनपाशी नेऊन, ती नसताना, त्यातलं बहुतेक सगळं खरवडून मागच्या उकिरड्यात पुरायचो. वर माती लोटायचो. भांड्यात डब्यातला रंग भरायचो. तिच्या हातचा एक वाटा वास येण्यापुरता ठेवायचो.

आणि तिनं त्याही भांड्यात बोट बुडवलं. माझ्यासमोर. शेजारची बाई आली होती, तिला दाखवायला. मी मशीनचा रूळ पुसण्याच्या निमित्तानं पाठ फिरवली. पाठीमागून तिचा आवाज आला — जीभ पिवळी, बाई जिती — आणि त्या दोघींचं हसू.

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हाही बोललो नाही. एकदा बोट लावल्यानं काही होत नाही, असं मी मनाला सांगितलं. शिकलेला माणूस स्वतःला फसवायला आकडे वापरतो. इतक्या शिशानं इतकं, तितक्यानं तितकं.

दिवाळीनंतर शेवंता आणि तिचा नवरा ऊसतोडीला निघाले. त्यांची मुलगी छबी चार वर्षांची होती. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत तिला कशाला न्यायचं, म्हणून चंद्रकलानं ती मागून घेतली. शेवंता म्हणाली, “ठेव बापा, पण पोट्टी लय मातीखाऊ हाये. पाहून राह्यजो.”

छबी खरंच माती खायची. भिंतीचे पोपडे खायची, चुलीची राख खायची. काळीसावळी, मोठ्या कपाळाची, आणि दिवसभर बडबड. मला ती ‘छापमामा’ म्हणायची. मी काका लागतो हे तिला कुणीही पटवू शकलं नाही. चंद्रकलाचं घर त्या महिन्यांत जसं वाजत होतं तसं आधी कधी वाजलं नव्हतं, नंतरही नाही.

मातीपासून तिला तोडायचं कसं? चंद्रकलाला उपाय सुचला. छापताना बिघडलेले मोराचे कागद छापखान्यात पडलेले असायचे. मेणाचे, गुळगुळीत. मातीऐवजी ते ती छबीच्या हातात द्यायला लागली. छबीला ते तोंडात धरायला आवडायचे. एके दिवशी मी पाहिलं, तिच्या हातात मोर आणि ओठ पिवळे. मी कागद हिसकावून घेतला. छबी भोकाड पसरून रडली.

चंद्रकला आली. “काहून हिसकलं जी? माती खाण्यापरीस बरं नाई का? हळदच तं हाये.”

मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, “कागद घशात अडकेल.”

अर्धं खरं. आणि ते अर्धं खरंच जास्त वाईट ठरलं. कारण चंद्रकलानं माझं ऐकलं. ती नेहमीच ऐकायची. तिनं छबीला मांडीवर घेतलं आणि शिकवलं — चाटायचं, गिळायचं नाही. “चाट बरं माह्या बाई. गियाचं नाई. छापमामा रागावते.” आणि छबी शहाण्या मुलीसारखी मोर चाटत बसायची. रोज. चाटून चाटून कागद पांढरा झाला की दुसरा मागायची.

मी खिळे जुळवायचो, हात धुवायचो आणि जेवायला बसायचो.

तुम्ही विचाराल, हे पाहवलं कसं? मी बघायचंच टाळलं. बिघडलेले कागद गोळा करून जाळायचो, पण तिच्या हाताशी नेहमी एखादा असायचाच. दोनदा ठरवलं की आज सांगायचं. एकदा तर तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती परसात जवसाचं तेल ढवळत होती. तार आली का बघा म्हणाली. मी बोटं चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणालो, आली.

माघात छबीचं पोट दुखायला लागलं. जेवण तुटलं. अंग पिवळट, पांढरं पडलं. बडबड बंद झाली, नुसती किरकिर. गावातल्या डॉक्टरनं जंतांचं औषध दिलं. मला तेव्हा कळलं होतं का? मी हे वाक्य पुष्कळदा वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं. कळलं होतं. त्या दिवसापासून मी डब्यातला रंग बंद केला. हातातलं काम आहे तसं राहू दिलं आणि शेठना मशीन बिघडल्याचं सांगितलं. म्हणजे मला कळलं होतं.

शिमग्याच्या आसपास, सगळीकडे पळस फुलला होता तेव्हा, तिला झटके आले. जीपमधून अकोल्याला नेलं. चंद्रकलाच्या मांडीवर ती आखडलेली, दातखिळी बसलेली. रस्त्यात मी एक शब्द बोललो नाही.

आता जे सांगायचं आहे ते इथे आहे. आत्तापर्यंतचं सगळं इथपर्यंत येण्यासाठी होतं.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पोट दाबून पाहिलं, हिरड्या उचकून पाहिल्या. मग नेमकं विचारलं — ही काही भलतं खाते का? माती, भिंतीचा रंग, असलं काही?

चंद्रकला म्हणाली, “पयले माती खाये. आता नाई खात. आता कागद चाटते, पण तेचा रंग घरचा हाये डॉक्टरसाहेब. हळद हाये, जवसाचं तेल हाये. मी सोता चाटतो.”

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चष्म्याकडे, खिशातल्या पेनाकडे. शिकलेला दिसत होतो. त्यानं मला विचारलं, “खरं आहे का? घरचाच रंग?”

मी म्हणालो, “हो.”

हा दुसरा.

त्यानं मान हलवली आणि मेंदूज्वराचं काहीतरी लिहू लागला. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. तो लिहीत असेपर्यंत वेळ होता. लिहून झाल्यावरही होता. ती संध्याकाळ होती, रात्रभर वेळ होता. छबी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

मी नंतर पुष्कळ वाचलं. शिशावर तेव्हाही औषध होतं. अकोल्यात मिळालं असतं का, नागपूरला नेईपर्यंत ती टिकली असती का — मला ठाऊक नाही. ठाऊक नाही, याचा आडोसा मी अनेक वर्षं घेतला. आता घेत नाही. डॉक्टरनं योग्य प्रश्न योग्य माणसाला विचारला होता.

शेवंता पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. तिनं घरात येऊन सगळं ऐकलं. चंद्रकलानंच सांगितलं, काही न लपवता — कागद मी देत होती, चाटायला मी शिकवलं. शेवंतानं रंगाचं भांडं उचलून परसात फेकलं. “तुह्या रंगानं खाल्ली माही पोर! सोताले झालं नाई तं माही घेतली!” मी दारात उभा होतो. त्या भांड्यात त्या दिवशी खरोखरच हळद होती.

गावानं काय म्हणावं? म्हणाले, झाडपाल्याचे रंग कुठे खाऊला लावतात का, कंपनीचा रंग तो कंपनीचा, तपासलेला असतो. शेठनी छापील प्लास्टिकच्या पन्न्या मागवल्या. त्यांवर मोर निळा-हिरवा होता. स्टँडच्या नालीत त्या वर्षानुवर्षं तुंबून राहिल्या.

चंद्रकलानं पुन्हा कधी चुलीवर तेल चढवलं नाही. हळद भाजीत टाकतानासुद्धा चिमूट धरून थांबायची. छापखाना मी विकला, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी धरली, पुस्तकांत तोंड घातलं. ती मला अधूनमधून विचारायची. स्वयंपाक करता करता, बसची वाट पाहता पाहता, मधेच: “तुमी शिकलेले हा. सांगा ना, माहं काय चुकलं असन? तुरटी जास्त झाली असन का?”

तुरटी. आयुष्यभर ती तुरटीवर अडून राहिली.

शेवटच्या आजारातही विचारलं. आवाज फार बारीक झाला होता. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “तुझं काही चुकलं नव्हतं.” आणि थांबलो. पुढचं वाक्य तोंडात होतं. ती माझ्याकडे बघून किंचित हसली. “तुमी चांगले हा,” म्हणाली, “म्हून म्हणता.”

मी तिला तसंच म्हणू दिलं.

तर पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेवंता फोटोपुढे उभी राहिली. ती म्हणाली, “बाई, लय वर्सं तुह्यावर राग धरला. आता नाई धरत. जा. तुले माफ केलं.” आणि माझ्याकडे वळून, माझे जोडलेले हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, “भाऊजी, तुमी तरी किती सोसलं.”

बायका रडल्या. मीही रडलो.

जऊळका इथून लांब नाही. शेवंता अजून आहे, रोज दारात बसलेली असते म्हणतात. तिथे जाऊन चार शब्द बोलण्याऐवजी मी हे लिहीत बसलो आहे, सावकाश, नीट वाक्यं जुळवत. शेवंताला वाचता येत नाही. हे मला माहीत आहे.